समुद्राकडचं दार

कपडे खळबळून काढल्यावर बादलीत जे शेवटचं पाणी उरतं, ते शहाणा माणूस जिथं कपडे धुतो तिथंच ओतून मोकळा होतो. सरांच्या घरी ती सोय नव्हती. नळ मागच्या अंगणात, धुण्याचा दगड मागच्या अंगणात, पाणी जायला भिंतीच्या बुडाशी भोकही तिथंच. पण बादली उचलायची, स्वयंपाकघरातून, मधल्या खोलीतून, बैठकीच्या खोलीतून न्यायची, पाहुणे बसलेले असतील तर त्यांना पाय वर घ्यायला लावायचे आणि पुढच्या दाराबाहेरच्या गटारात रिकामी करायची. घर बांधल्यापासून बाईंनी हेच केलं होतं. बादलीच्या कडीनं त्यांच्या उजव्या तळव्याला घट्टा पडला होता आणि मधल्या खोलीच्या फरशीवर ठिबकणाऱ्या पाण्याची एक पुसट वाट कायमची उमटली होती.

खुर्चीत पेपर वाचत बसलेले सर मान वर न करता विचारायचे, "टाकलंस?"

"टाकलं."

"पुढं?"

"पुढंच हो!"

मग ते समाधानानं पान उलटायचे आणि बाई रिकामी बादली घेऊन, पुटपुटत, मागं जायच्या. पुटपुटत काय जायच्या ते सरांनी कधी विचारलं नाही, आणि तेच बरं होतं.

या वेडाला कारण होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय सरांच्या घरून आजवर एकही पाहुणा सुटला नव्हता. त्यांची गल्ली होती एका लांबट टेकाडाच्या अगदी पाठीवर. घराच्या छपराला दोन उतार, मधे आढं. आढ्याच्या अलीकडं पडलेलं पाणी पुढच्या गटारात जायचं, तिथून नाल्यात, नाल्यातून खालच्या नदीत आणि त्या नदीबरोबर देशातल्या सगळ्यात मोठ्या नदीला मिळून शेवटी समुद्रात. आढ्याच्या वीतभर पलीकडं पडलेलं पाणी मागच्या अंगणात, भिंतीच्या भोकातून उताराला आणि तिथून दुसऱ्याच एका नदीला. ती नदी चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेली. तिला समुद्र माहीतच नाही. ती एका खाऱ्या तळ्यात जाऊन पडते आणि उन्हानं आटते.

"दोन थेंब," सर पाहुण्याला अंगणात उभं करून, छपराकडं बोट दाखवून सांगायचे, "जुळे भाऊ म्हणा. एक समुद्रात जातो. दुसरा जातो मिठात. आणि फरक किती? एका कौलाचा!"

पाहुणा मान डोलवायचा. आत चहा गार व्हायचा.

सर भूगोल शिकवायचे. मुलांनी त्यांचं नाव 'खोरेसर' पाडलं होतं, कारण त्यांच्या तोंडी सदा खोरी. त्यांना नुसती नदी दाखवलेली आवडायची नाही. नदी म्हणजे निळी रेघ नव्हे, असं ते म्हणत. नदी म्हणजे तिच्याकडं पाणी धाडणारी सगळी जमीन, तिथली शेतं, छपरं, रस्ते, तुमच्या अंगणातला नळसुद्धा. "तू राहतोस कुठं?" असं ते नव्या मुलाला विचारायचे आणि मुलानं गल्लीचं नाव सांगितलं की म्हणायचे, "ते पोस्टमनला सांग. मला खोरं सांग."

देशातल्या चार मोठ्या नद्यांना पुस्तकात भारदस्त नावं होती. सरांच्या वर्गात त्या चार बहिणी होत्या. सगळ्यांचं ओझं वाहणारी ती थोरली. दर पावसाळ्यात पात्र बदलून माणसांच्या तोंडचं पाणी पळवणारी ती नखरेल. सपाट मैदानात लोळत, वळणं घेत, वाटेत तळी टाकत जाणारी ती आळशी. आणि समुद्राला न जाणारी ती घरकोंबडी. घरकोंबडीचं नाव निघालं की वर्ग हसायचा. सरही हसायचे, पण घरी एकदा बाईंना म्हणाले होते, "तिची मला कीव येते गं. जन्मभर वाहते बिचारी आणि कुठंच पोचत नाही." म्हणून तर धुण्याची बादली. आपल्या हातून एवढं तरी पाणी समुद्राला लागावं, असं त्यांना मनापासून वाटायचं. बादलीभर पाण्यानं थोरलीला काय फरक पडणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माणसाला कळतं एक आणि वाटतं भलतंच, आणि बाईंनी लग्न या दोन्हींशी केलं होतं.

बाई शिवणकाम करायच्या. गल्लीतल्या अर्ध्या पोरांच्या अंगावर त्यांनी शिवलेले गणवेश होते. शाळेतला देशाचा कागदी नकाशा उंदरांनी, समुद्राकडून सुरुवात करून, पार डोंगरांपर्यंत खाल्ला, तेव्हा सरांनी त्यांनाच गळ घातली. बाईंनी उरलेल्या चिंध्यांचा नकाशा शिवला. प्रत्येक खोऱ्याला वेगळ्या रंगाचं कापड आणि नद्या निळ्या दोऱ्यानं, मुखाशी चार पदरी, उगमाशी एकपदरी. सर शेजारी बसून सांगायचे, बाई टाका घालायच्या. दोन कापडं जोडली तिथं शिवण जराशी वर आलेली होती. वर्गात सर त्या शिवणीवरून मुलांची बोटं फिरवायचे. "हा जलविभाजक. पाणी शिवण ओलांडत नाही."

आणखी एक गोष्ट ते दर वर्षी शिकवायचे. दोन नद्या भेटल्या, तर त्यातली मुख्य कुठली?

"मोठी!" वर्ग ओरडायचा.

"मोठी म्हणजे?"

"रुंद!"

"बसा खाली. रुंदी नुसती दिखाऊ असते. जी लांबून आली ती मुख्य." मग खडू हातात खेळवत म्हणायचे, "खाली जाणाऱ्या पाण्याला डोकं लागत नाही. उतार नेईल तिकडं जायचं. पण उगम शोधायला वर निघालात, की प्रत्येक संगमावर प्रश्न पडतो, आता कुठल्या अंगानं? तिथं लांबी बघायची. रुंदीला भुललात, की चुकलात."

निवृत्तीनंतर शाळेनं तो कापडी नकाशा त्यांनाच देऊन टाकला. तो बैठकीच्या खोलीत आला. रोज सकाळी सर त्याच्यासमोर उभे राहून बोटानं एकेक नदी मुखापासून वर वर म्हणत जायचे. बाई आत पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या, ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

म्हणूनच, एक दिवस आळशीची एक बारकी उपनदी म्हणायची राहिली, ते बाईंनाच आधी कळलं. तिथला दोरा दोनदा तुटला होता, त्यामुळं ती त्यांच्या चांगली लक्षात होती. त्या लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. सरांचं बोट त्या दोऱ्यावरून तसंच पुढं गेलं होतं. बाईंनी मनाशी म्हटलं, वय झालं, होतं असं.

पुढच्या महिन्यांत आणखी उपनद्या गेल्या. कडक उन्हाळ्यात आधी ओहोळ आटतात, मग ओढे, मग उपनद्या, तसंच अगदी क्रमानं चाललं होतं. सरांचं बोट दोऱ्याशी थांबायचं, पुढं सरकायचं, परत मागं यायचं. मग त्यांनी नकाशासमोर उभं राहणंच सोडलं. पेपर उलटा धरून बसू लागले. बादलीचं विचारणंही बंद झालं. बाई मात्र बादली पुढंच नेत राहिल्या. एका दुपारी त्या चहा घेऊन आल्या, तर सरांनी अदबीनं खुर्चीतून उठून विचारलं, "तुम्ही कुठल्या खोऱ्यातल्या?"

इतकी वर्षं संसार झाल्यावर नवऱ्यानं 'तुम्ही' म्हणावं, याच्याएवढी शिवी बाईंना कुणी दिली नव्हती.

तरी मधेच आभाळ स्वच्छ व्हावं तसे काही दिवस यायचे. अशाच एका दिवशी सरांनी त्यांचा हात धरून जवळ बसवलं. "मला कळतंय काय चाललंय ते," ते म्हणाले. "एक कर. मी काहीही विसरलो, तरी पुढच्या दाराला कुलूप लावू नकोस. मला आतल्या आत आटायचं नाही."

"वेडे का तुम्ही? कुलूप कशाला लावीन?"

"नाही. शब्द दे."

त्यांनी शब्द दिला. देताना त्यांना तो जड वाटला नव्हता.

त्यांच्या मुलाला मात्र हे पटलं नव्हतं. तो औषधांच्या गोदामात कामाला होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि दोन दिवसांआड चक्कर मारायचा. दोनदा सर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले होते आणि दुकानदारानं हाताला धरून आणून सोडलं होतं. दुसऱ्या खेपेला मुलगा कडी आणि भलंथोरलं कुलूप घेऊनच आला.

"आई, मागं उंच भिंत आहे, तिकडनं ते जात नाहीत. प्रश्न या एका दाराचा आहे."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला? त्यांना आठवतो तरी का तो?"

"मला आठवतो ना!"

मुलानं कपाळावर हात मारला. तो वाईट नव्हता. त्याच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी म्हणाला, "बरं. पण परत एकदा जरी गेले, तर मी ऐकणार नाही. एक तर हे कुलूप, नाहीतर म्हाताऱ्या माणसांची ती संस्था. तिथं निदान पहारेकरी असतात." बाईंनी कुलूप घेतलं आणि मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली, दडपून ठेवलं. त्या दिवसापासून त्या डोळ्यांत तेल घालून दाराकडं बघत शिवायला बसू लागल्या.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे गणवेशांची घाई. एका दुपारी त्या चड्ड्यांच्या शिवणी मारत होत्या. मशीन जुनं, मोटर बसवल्यापासून ते नुसतं खडखडायचं. त्या आवाजात दार वाजलं असेल तर त्यांना ऐकू आलं नाही. दोरा संपला म्हणून त्या थांबल्या, आणि घर फार गप्प आहे असं त्यांना जाणवलं. खुर्ची रिकामी होती. पुढचं दार सताड उघडं होतं.

चप्पल घालायचंही भान राहिलं नाही. त्या आधी कोपऱ्यावर धावल्या. दुकानदारानं मान हलवली. परत दाराशी येऊन त्या उभ्या राहिल्या आणि तेव्हा त्यांना गटार दिसलं. सकाळी ओतलेल्या पाण्यातला साबणाचा फेस अजून कडेला चिकटला होता. कुठं गेले असतील, याचा विचार करायची गरजच नव्हती. ते पाण्याबरोबर गेले असणार.

गटाराच्या कडेकडेनं बाई उतरू लागल्या. वाटेत मुलाला फोन केला. तो 'आलोच' म्हणाला, आणि त्या एका शब्दातच तो किती घाबरलाय ते त्यांना कळलं. चपला दुरुस्त करणारा वळणावर बसायचा. तो म्हणाला, "सर ना? मघाशीच गेले की. मी विचारलं, कुठं निघालात? तर म्हणाले, पोचतंय का बघून येतो." पुढं गटार नाल्याला मिळालं. नाल्याच्या कडेनं पायवाट होती, काचा आणि प्लास्टिकनं भरलेली. बाईंच्या पायाला काहीतरी लागलं, त्यांनी बघितलंही नाही. उतारावरून जाताना त्यांना कुठं वळायचं हा प्रश्न एकदाही पडला नाही.

टेकाडाच्या पायथ्याशी एक बुटका पूल होता. तिथं त्यांचा नाला दुसऱ्या एका नाल्याला मिळायचा आणि दोघं मिळून पुलाखालून खालच्या नदीकडं जायचे. पुलाजवळ एक टेम्पोवाला आपली गाडी धूत होता. बाईंनी त्याला धापा टाकत विचारलं.

"म्हातारे, चष्मेवाले? होते की. बराच वेळ इथं उभे होते. कधी या पाण्याकडं बघायचे, कधी त्या. मला वाटलं काही पडलंय त्यांचं."

"मग? नदीकडं गेले?" बाईंनी विचारलं.

"नाही नाही. परत वर गेले."

"वर कुठं?"

"ते नाही बघितलं बुवा. मी चाकं धूत होतो."

तेवढ्यात मुलगा स्कूटरवरून आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "वर गेले, तर आपल्याच नाल्यानं गेले असणार. तू आलीस त्या वाटेनं."

"मग मला भेटले नसते?"

"म्हणजे हा माणूस चुकीचं सांगतोय. आई, मी नदीवर जातो. तू पोलिसांना फोन कर." तो स्कूटर वळवायलाही लागला.

बाई तिथंच उभ्या होत्या, जिथं सर उभे होते. डावीकडून त्यांचा नाला येत होता, ऐसपैस, सिमेंटनं बांधलेला, त्यांच्या गल्लीचं आणि आणखी चार गल्ल्यांचं पाणी घेऊन. उजवीकडून दुसरा येत होता, अरुंद, झुडपांत दडलेला, गावाला वळसा घालून किती लांबून येतो तेही दिसू नये असा. बाईंनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. सरांना घरी परतायचं असणार. घर म्हणजे उगम. आणि समोर संगम.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते या उजव्या नाल्यानं गेलेत."

"तो? आई, तो तर बोळकांडीएवढा आहे. आपला किती रुंद आहे बघ."

"रुंदी नाही बघत ते."

मुलगाही त्याच शाळेत, सरांच्याच वर्गात शिकला होता. त्यानं स्कूटर तिथंच लावली.

दोघं वर निघाले. ऊन उतरायला लागलं होतं. एका बाजूला नवीन इमारतींसाठी खणलेले मोठाले खड्डे होते, त्यांत पाणी साठलेलं. मुलगा प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत होता आणि बाई त्याच्याकडं बघत नव्हत्या. चिखलात एकच चप्पल सापडली. डाव्या पायाची, अंगठा बाईंनी स्वतः शिवलेली. ती उचलताना त्यांना रडू आलं, पण रडायला थांबायला वेळ नव्हता. पुढं नाल्याला दोन फाटे फुटले. मुलगा आपसूक रुंद फाट्याकडं वळला, मग थांबला, मागं वळून आईकडं बघितलं.

"लांब कुठला?" त्यानं विचारलं.

"तो," बाई म्हणाल्या. लहानपणी त्याला चालायला शिकवणारं माणूस आता असं वाट चुकत चाललंय, हे दोघांच्याही मनात आलं असेल.

नाला बारीक होत होत पुन्हा गटार झाला आणि त्याच टेकाडाच्या पार दुसऱ्या टोकाला, बाईंनी कधी न पाहिलेल्या एका गल्लीत, एका पत्र्याच्या घराच्या पायरीशी संपला. पायरीवर सर बसले होते. एक पाय अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. शेजारी टेबलामागं एक इस्त्रीवाली उभी होती आणि सरांच्या हातात पाण्याचा पेला देत होती.

बाईंच्या जिवात जीव आला. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"तुमचे का हे?" इस्त्रीवालीनं विचारलं. "आल्यापासनं गटाराचंच विचारतायत. मला वाटलं, नगरपालिकेचे साहेब. म्हटलं, साहेब, तुंबतं हो फार. तर म्हणाले, तुंबलं तरी जाईल समुद्रालाच. मी म्हटलं, जाऊ दे बाबा, माझ्या दारातनं गेलं म्हणजे झालं!"

मुलाला हसू आलं आणि ते मधेच कुठंतरी मोडलं. तो तोंड फिरवून उभा राहिला.

सरांनी बाईंकडं बघितलं. ओळखीचं काही डोळ्यांत नव्हतं, होती ती फक्त हुशार मुलाचं गणित चुकल्यावर असते तसली चिडचिड. "बघा ना," ते म्हणाले. "प्रत्येक संगमाला मी तपासलं. कुठंही चूक नाही. उगम हाच. घर इथंच पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण आतनं मशीनचा आवाज येत नाही."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. पदरानं सरांचा पाय पुसला, चप्पल घातली.

"मशीन बंद करून आलेय मी," त्या म्हणाल्या. "म्हणून येत नाही आवाज. चला, चालू करते."

सरांनी विचार केला. "असं होय," ते म्हणाले आणि उठले.

घरी आल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते मशीन चालू करायचं. खाली कापडही नव्हतं. सर खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि त्या खडखडाटात तिथंच झोपी गेले. मुलगा दाराशी उभा होता. त्यानं कुलपाचं नाव काढलं नाही, संस्थेचंही नाही. बोलला असता तर बाईंना भांडता तरी आलं असतं. त्यांनीच मशीनचा खण उघडला, बॉबिना बाजूला केल्या आणि कुलूप त्याच्या हातात ठेवलं.

"लाव," त्या म्हणाल्या.

कडी बसवताना स्क्रू फिरवल्याचा आवाज त्यांनी मागच्या अंगणात, नळ सोडून, ऐकला नाही असं केलं. त्यांना स्वतःचा राग आला, मुलाचा आला, सरांचाही आला, की असला शब्द माणसानं मागावाच का. आणि सगळ्यात वाईट हे, की त्या रात्री कितीतरी महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली.

किल्ली त्यांनी गळ्यात बांधली. सर दुसऱ्या दिवशी दाराशी गेले, कडी हलवून बघितली, पुन्हा हलवली, आणि काही न बोलता येऊन बसले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं बाईंना वाटलं. धुणं झाल्यावर त्या सवयीनं बादली घेऊन पुढं आल्या. किल्लीसाठी बादली खाली ठेवली, कुलूप काढलं, आणि दार उघडताच सर त्यांच्या पाठीमागून उंबऱ्यापर्यंत आलेले. त्यांना एका हातानं धरून, दुसऱ्यानं दार लोटून आत आणेपर्यंत बादली कलंडली. सगळं पाणी बैठकीच्या खोलीत, नकाशाच्या खालपर्यंत गेलं. सरांच्या दंडावर बाईंच्या बोटांचे वळ उठले. ते वळ त्यांनी दुपारी तेल लावताना पाहिले.

म्हणून तिसऱ्या दिवशी कपडे पिळून झाल्यावर त्या बादली घेऊन मागच्या अंगणात नुसत्याच उभ्या राहिल्या. उन्हात पाणी निळसर दिसत होतं, साबणाचा एक बुडबुडा कडेला फिरत होता. घर बांधल्यापासून या भोकातून धुण्याचं शेवटचं पाणी कधी गेलं नव्हतं. बादलीभर पाणी. त्यानं त्या खाऱ्या तळ्याला काय होणार, हे बाईंना कळत होतं. त्यांनी बादली हळूच, आवाज होऊ नये म्हणून भिंतीला टेकवून, तिरकी केली. पाणी भोकातून गेलं आणि पलीकडच्या उतारावरून घरकोंबडीच्या वाटेला लागलं.

त्या रिकामी बादली घेऊन सवयीनं बैठकीच्या खोलीपर्यंत आल्या. सर खुर्चीत बसले होते, पेपर उलटा धरून. बाई त्यांच्यासमोरून स्वयंपाकघराकडं वळल्या, तेवढ्यात मागून आवाज आला. कितीतरी महिन्यांत न आलेला, पूर्वीचा, मान वर न करता विचारलेला.

"टाकलंस?"

बाई जागच्या जागी थांबल्या.

"टाकलं."

"पुढं?"

दाराला कुलूप होतं. फरशीवरची पाण्याची वाट कोरडी होती. गळ्यातली किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"पुढंच हो," त्या म्हणाल्या.

सरांनी पान उलटलं.